डॅटसन २४०झेड: मागे डिस्क ब्रेक बसवताना ब्रॅकेट किती जाड असावं?

आडवी_पट्टी
१९७१ची २४०झेड (डॅटसनची जुनी स्पोर्ट्स कार) बांधायला घेतली आहे. बॉडी रंगून तयार, आता ब्रेक. पुढे मूळची २७१ मि.मी.ची भरीव डिस्क आणि दोन पिस्टनचे कॅलिपर (पॅडने डिस्कला चिमटीत धरणारा भाग), मागे ९ इंची ड्रम, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) ७/८ इंची. गाडी रस्त्यावर चालेल आणि अधूनमधून ट्रॅकवरही जाईल.

बेत असा: पुढे टोयोटाच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे एस१२+८ कॅलिपर. ते मूळच्याच भोकांवर बसतात, फक्त धुळीच्या पत्र्याला कात्री लावावी लागते. मागे २८०झेडएक्सचे कॅलिपर, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्यांच्यातच आहे. मागचं ब्रॅकेट (कॅलिपर धरून ठेवणारी पट्टी) मात्र स्वतः बनवणार.

१) १० मि.मी. माइल्ड स्टील पुरेल, की १२ मि.मी. ॲल्युमिनियम (६०६१-टी६) घ्यावं?
२) ब्रॅकेट स्ट्रटच्या हाउसिंगला (सस्पेन्शनचा चाकाकडचा भाग) वेल्ड करावं की बोल्टने बसवावं?
३) मास्टर सिलिंडर मोठा लागेल का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटारानंदन
वाचतोय. वाचनखूण साठवली.

सव्वासूत
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वेल्ड अजिबात नको. त्या हाउसिंगमध्ये बेअरिंगचे बोअर आहेत. इतक्या जवळ वेल्डिंगची उष्णता गेली की बोअर लंबगोल होतो आणि बेअरिंग काही दिवसांत ओरडायला लागतं. शिवाय बोल्टचं ब्रॅकेट चुकलं तर फेकून दुसरं करता येतं.

आता जाडी. चालकासह गाडी ११०० किलो धरा, चाकांमधलं अंतर २३०५ मि.मी., गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ४८० मि.मी. पूर्ण १ जीने (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने) ब्रेक लागला तर साधारण २१ टक्के वजन पुढे सरकतं. उभ्या गाडीत ५०-५० वाटणी मानली तर पुढे ७१, मागे २९. मागच्या एका टायरवर ब्रेकचं बल सुमारे १५६५ न्यूटन. टायरची त्रिज्या ०.३० मीटर, म्हणजे ४७० न्यूटन-मीटर टॉर्क. पॅडची मध्यत्रिज्या ०.११ मीटर धरली तर कॅलिपर ब्रॅकेटला ४२७० न्यूटनने ओढणार, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे किलो.

एवढ्या ओझ्याला १० मि.मी. माइल्ड स्टील तुटत नाही. खरी भीती पीळ पडण्याची आहे. हाउसिंगच्या बोल्टांचं प्रतल आणि कॅलिपरचं प्रतल यांत २५-३० मि.मी.चं अंतर राहिलं तर ब्रॅकेट प्रत्येक ब्रेकला पिळवटतं, पॅड तिरके झिजतात आणि पेडल मऊ लागतं. जाडी वाढवण्याआधी ते अंतर कमी करा.

निळा_धूर
मुळात ड्रम का काढायचे, हे कोणी विचारलंच नाही. २४०झेडचे मागचे ड्रम ॲल्युमिनियमचे आहेत, बाहेरून पंख, आत बिडाचं अस्तर. हलके आहेत आणि उष्णता बरी सोडतात. शूजची बाकं ड्रमच्या गोलाईला घासून जुळवली, ॲडजस्टर मोकळे ठेवले, तर हँडब्रेक कुठल्याही डिस्क कॅलिपरपेक्षा चांगला धरतो.

आणि टायर आत्ताच अडकत असतील, तर मोठ्या ब्रेकने थांबायचं अंतर एक इंचही कमी होत नाही. अंतर टायर ठरवतो.

आडवी_पट्टी
@निळा_धूर, एका ब्रेकपुरतं मान्य. प्रश्न ट्रॅकवरच्या सलग फेऱ्यांचा आहे. तापलेला ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे उलट पॅडकडेच येते.

ढोबळमाप
दोघांचंही बरोबर, पण उष्णतेचा हिशेब पुढच्या चाकावर मांडायला हवा. १६० किमी वेगाला ११०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा साधारण १०.९ लाख ज्यूल. त्यातली ७० टक्के पुढे, म्हणजे एका डिस्कच्या वाट्याला ३.८ लाख. डिस्कचं वजन ५ किलो असेल तर एका ब्रेकमध्ये तिचं तापमान १६५ अंशांनी चढतं, ७ किलो असेल तर ११८ अंशांनी. (बिडाची विशिष्ट उष्णता ४६० धरली आहे. चू.भू.द्या.घ्या.) पुढच्या वळणापर्यंत ती निवली नाही तर दुसरा ब्रेक त्याच्यावरच चढतो.

म्हणजे तुमच्या बेतात खरी उणीव पुढे आहे. कॅलिपर चार पिस्टनचे घेतलेत, डिस्क तीच भरीव ठेवलीत. उष्णता पिस्टन पीत नाहीत, लोखंड पितं. एस१२डब्ल्यू हा रुंद फटीचा कॅलिपर आणि ३००झेडएक्सची हवेशीर डिस्क ही जोडी यासाठीच वापरतात. तिला हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये स्पेसर (अंतर राखणारी चकती) लागतो.

गोगलगाय
आमच्याकडे सोपा उपाय: १६० ला जायचंच नाही.

लेथवरचा
स्पेसरचा विषय निघालाच आहे तर आधी तोच. या गाडीची पुढची डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने धरलेली असते. स्पेसरची दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत, फरक ०.०२ मि.मी.च्या आत. त्यासाठी एक तोंड आणि मधला बोअर एकाच पकडीत करा. मग उलटं करताना चकमध्ये साधा पकडू नका. मऊ जबड्यांना त्याच व्यासाची पायरी कापून त्यात बसवा, नाहीतर दुसरं तोंड हमखास वाकडं येतं. डिस्क मध्यावर राहण्याचं काम बोल्टांवर सोडू नका. हबवरचा उंचवटा स्पेसरमध्ये आणि स्पेसरचा उंचवटा डिस्कमध्ये अलगद बसला पाहिजे.

आता ब्रॅकेट. थेट स्टील कापायला घेऊ नका.

आधी मागची डिस्क हबवर नटांनी घट्ट बसवा. कॅलिपरमध्ये नवे पॅड घाला आणि पिस्टन दाबून डिस्कला घट्ट पकडू द्या. कॅलिपर आता डिस्कवरच टांगलेला, हवा तसा फिरवता येतो. रिमपासून, स्ट्रटपासून आणि हँडब्रेकच्या केबलपासून मोकळा राहील अशी जागा ठरवा. चाक चढवून रिमच्या आत किमान ३ मि.मी. फट आहे ना ते बघा. चाकाला चिकटवलेली बॅलन्सची वजनं त्या फटीत येतात, हे बहुतेक जण विसरतात.

मग पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून ६ मि.मी. प्लायवूडचा. प्लायवूड बोल्टने बसवून चाक हाताने फिरवा. सगळं मोकळं फिरलं की मापं घ्या आणि लेझरला द्या. भोकं मात्र लेझरने पूर्ण मापाची कापून घेऊ नका. लेझरने भोकाची कड कडक होते, टॅप तुटतो आणि भोक किंचित निमुळतंही येतं. दीड-दोन मि.मी. लहान कापून घ्या आणि शेवटी ड्रिल-रीमर फिरवा. भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट माल ठेवा.

आणि या गाडीत मूळ बॅकिंग प्लेट (ड्रमच्या मागचा पत्रा) काढायची तर स्टब ॲक्सल (चाक फिरवणारा आखूड दांडा) बाहेर काढावा लागतो. तो काढायचा नसेल तर प्लेट जागेवरच कापतात आणि ब्रॅकेट पूर्ण गोल न करता घोड्याच्या नालासारखं करतात. ग्राइंडर लावण्याआधी बेअरिंगची बाजू ओल्या फडक्याने गच्च बांधा. ठिणग्यांसोबत उडणारी भुकटी ग्रीसमध्ये गेली की बेअरिंग संपलं.

खटारानंदन
दंडवत! हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे.

तिरपा_पाना
लेथवरचा यांनी बोल्ट सोडले, ते मी घेतो. एम१० (१० मि.मी. व्यासाचे), १०.९ ग्रेड (बोल्टच्या ताकदीचा दर्जा), साधारण ६५ न्यूटन-मीटर. अशा एका बोल्टची पकड तीस हजार न्यूटनच्या वर जाते. दोन बोल्टांची पकड आणि दोन पत्र्यांमधलं घर्षण मिळून नऊ-दहा हजार न्यूटन सहज धरतं. सव्वासूत यांनी काढलेलं बल ४२७०. म्हणजे ब्रेकचं ओझं बोल्टच्या दांड्यावर यायलाच नको, ते घर्षणाने पेललं जायला हवं.

म्हणूनच ब्रॅकेट आणि हाउसिंग जिथे भिडतात तिथे रंग किंवा पावडर कोटिंग नको. कोटिंग दबतं, बोल्टची पकड सैल होते, आणि मग बोल्ट खरोखरच कात्रीत सापडतो. बाकी ब्रॅकेट खुशाल रंगवा, भिडणाऱ्या तोंडांना मास्किंग टेप लावा.

"जास्त कडक म्हणजे जास्त चांगला" म्हणून १२.९ घेऊ नका. झिंक प्लेटिंग केलेल्या १२.९ बोल्टात हायड्रोजन शिरून तो अचानक, वाकल्याशिवाय तुटतो.

ॲल्युमिनियमप्रेमी
सगळे स्टीलच म्हणतायत. ६०६१-टी६ मध्ये १२-१५ मि.मी. जाडीचं ब्रॅकेट साधारण निम्म्या वजनात होतं, गंजत नाही आणि मशीनिंगला लोण्यासारखं आहे. चाकापाशी वाचलेला प्रत्येक ग्रॅम मोलाचा.

सव्वासूत
करता येतं, पण तीन अटींवर. एक, कुठेही वेल्ड नाही, कारण वेल्डच्या शेजारी टी६ची (उष्णता देऊन आणलेली) ताकद निघून जाते. दोन, आटे थेट ॲल्युमिनियममध्ये पाडायचे नाहीत. पॅड बदलताना बोल्ट पुन्हा पुन्हा निघणार, तेव्हा स्टीलचे आट्यांचे इन्सर्ट घाला. तीन, बोल्टच्या डोक्याखाली जाड कडक वॉशर. आणि लवचीकपणा विसरू नका. ॲल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश ताठ असतं. १० मि.मी. स्टीलइतका ताठपणा वाकण्यात हवा असेल तर ॲल्युमिनियम साधारण साडेचौदा मि.मी. लागेल. तेवढी जागा डिस्कच्या मागे आहे का ते आधी मोजा.

ॲल्युमिनियमप्रेमी
साडेचौदा मान्य. मूळ प्रश्नातले १२ कमी पडतील, हेही मान्य.

दाबमापक
तिसरा प्रश्न अजून तसाच पडलाय.

पुढचे पिस्टन आधी मोजा. उदाहरणार्थ, मूळ एक पिस्टन ५४ मि.मी.चा असेल तर एका बाजूचं क्षेत्रफळ २२९० चौ.मि.मी. नवे एका बाजूला ४३ आणि ३४ मि.मी.चे असतील तर १४५२ + ९०८ = २३६०. फरक फक्त ३ टक्के. चार पिस्टन म्हणून दुप्पट ब्रेक लागतो असं नाही. फायदा मोठ्या पॅडचा आणि ताठ कॅलिपरचा. पेडलला पुढून फारसा फरक जाणवणार नाही.

मागची गोष्ट वेगळी आहे. ड्रमचा पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, डिस्कमध्ये तसं होत नाही. त्यामुळे ड्रमला छोटा सिलिंडर पुरतो, डिस्कला मोठा पिस्टन लागतो. ३८ मि.मी.चा पिस्टन ड्रमच्या आसपास येतो. तुमच्या हाती ४३चा आला तर बल त्यापेक्षा २८ टक्के जास्त, आणि मग मागची चाकं आधी अडकतात. मागची चाकं आधी अडकली की गाडी गर्रकन फिरते. म्हणून मागच्या लाइनवर ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा) हवा. मूळचा व्हॉल्व्ह ड्रमसाठी जुळवलेला आहे, तो काढा. एकापुढे एक दोन ठेवू नका, नाहीतर मागे काय चाललंय ते कोणालाच कळणार नाही. व्हॉल्व्ह रिकाम्या ओल्या रस्त्यावर किंवा बंद ट्रॅकवर जुळवा. पुढची चाकं आधी अडकली पाहिजेत, मागची किंचित नंतर.

मास्टर सिलिंडर: ७/८ इंचाचं क्षेत्रफळ ३८८, १५/१६चं ४४५, १ इंचाचं ५०७. १५/१६ने पेडलचा प्रवास १३ टक्के कमी होतो, पण तेवढ्याच दाबासाठी पाय १५ टक्के जास्त दाबावा लागतो. १ इंचाला हाच आकडा ३१ टक्के. इथे १५/१६ योग्य.

निळा_धूर
१ इंचानेच पेडल दगडासारखं घट्ट लागतं, म्हणून लोकांना ते आवडतं.

दाबमापक
घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. १ इंचाचा मास्टर लावल्यावर पाय थकतो आणि थांबायला वेळ लागतो. पेडल मऊ लागत असेल तर आधी हवा, जुने रबरी होज आणि वाकणारं ब्रॅकेट तपासा. मास्टर मोठा करून तो दोष झाकला जातो, जात नाही.

आणखी एक. काही मास्टर सिलिंडरांच्या मागच्या तोंडात ड्रमसाठी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब राखून ठेवतो, म्हणजे शू फार मागे जात नाहीत. डिस्कला तोच दाब घातक. पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क निळी पडते. डिस्कसाठी २ पीएसआयचा मिळतो, तोही मास्टर कॅलिपरपेक्षा खाली असेल तरच. २४०झेडचा मास्टर वर आहे, त्यामुळे कुठलाच नको.

गोगलगाय
अवांतराबद्दल क्षमस्व, पण १९५३ला जॅग्वार सी-टाइपने ल माँ जिंकली ती डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर. सत्तर वर्षांनी आपण अजून "ड्रम का काढायचे" यावरच आहोत.

निळा_धूर
सी-टाइपला हँडब्रेक लावून घाटात उभं राहायचं नव्हतं. :)

नळीतज्ज्ञ
पाइपांवर कोणीच बोललं नाही, आणि गळती तिथूनच होते. ४.७५ मि.मी.चा तांबं-निकेलचा पाइप वापरा. शुद्ध तांब्याचा वाकवायला छान, पण कंपनाने कडक होत जातो आणि फ्लेअरच्या (पाइपच्या पसरवलेल्या तोंडाच्या) मानेपाशी चिरतो.

जपानी गाड्यांना एम१०×१ आटे आणि डबल फ्लेअर. युरोपीय गाड्यांना आटे तेच एम१०×१, पण बहुधा बबल फ्लेअर. एकाचं नट दुसऱ्याच्या बसकेवर घट्ट होतं, हाताला "बसलं" असं वाटतं आणि दाब आला की पाझरतं. त्याहून वाईट म्हणजे ३/८-२४ यूएनएफ. त्याचा व्यास ९.५ मि.मी. असल्याने ते एम१०च्या भोकात दोन-तीन आटे जातं आणि दाबाखाली सुटतं. टोयोटाचे कॅलिपर आणि डॅटसनची लाइन जोडताना प्रत्येक आटा गेजने तपासा, डोळ्याने नको. बँजो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दोन तांब्याचे वॉशर, दर वेळी नवे.

होजची लांबी स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून आणि चाक पूर्ण लोंबकळत ठेवून मोजा. मागच्या होजसाठीही तेच.

खटारानंदन
ब्रेक ऑइल डॉट ५ भरावं का? रंग खात नाही म्हणतात.

नळीतज्ज्ञ
डॉट ५ सिलिकॉनचं. रंग खात नाही हे खरं, पण त्यात हवा विरघळते आणि पेडल किंचित स्पंजी राहतं. ट्रॅकसाठी नको. डॉट ३-४मध्ये मिसळायचं तर नावच काढू नका. डॉट ४ कोरडं २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ला. डॉट ५.१ अनुक्रमे २६० आणि १८०ला. ५ आणि ५.१ ही नावं भावंडांची वाटतात, पण ५.१चं नातं डॉट ४शी. ट्रॅक असेल तर दरवर्षी बदला.

लेथवरचा
सगळं बसल्यावर डिस्कच्या बाहेरच्या कडेला डायल गेज लावा. ०.१ मि.मी.च्या वर लचक (फिरताना डिस्कचं डोलणं) नको, ०.०५ मिळाली तर उत्तम. जास्त आली तर डिस्क एक-एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा. बरेचदा हब आणि डिस्कच्या चुका एकमेकींना खातात. पुढचे कॅलिपर स्थिर आहेत, तेव्हा शिम घालून डिस्क बरोबर मध्यावर आणा. मागचे सरकते असल्याने मिलिमीटरभर माफ.

तिरपा_पाना
+१. आणि नवे पॅड बसवल्यावर ६०वरून १०पर्यंत दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो आणि मग लोक "डिस्क वाकली" म्हणून ओरडतात.

दाबमापक
मास्टर बदलताना २४०झेडची एक खास खोड. बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा डबा) पुशरॉडच्या मागे रबराची जाड चकती असते, रिॲक्शन डिस्क. मास्टर काढताना पुशरॉड ओढला गेला तर ती निसटून बूस्टरच्या तळाशी पडते. मग पेडल आधी खूप खाली जातं आणि नंतर एकदम पकडतं. इथे बहुतेक जण पुशरॉड लांब करतात. प्रवास कमी होतो, पण ब्रेक दिव्याच्या बटणासारखा, एक तर बंद नाहीतर पूर्ण चालू. मास्टर लावण्याआधी टॉर्च मारून चकती जागेवर आहे का पाहा. निसटली असेल तर बूस्टरच्या तोंडातून काढून, पुसून, परत तिच्या खोबणीत चिकटवा.

पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये अर्धा ते एक मि.मी. मोकळीक ठेवा. ती नसेल तर परतीचं छिद्र बंदच राहतं, ऑइल तापून फुगलं की जायला वाट नसते आणि ब्रेक आपोआप लागत जातो.

आडवी_पट्टी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: १० मि.मी. स्टील, नालाच्या आकाराचं, बोल्टने. मास्टर १५/१६. पुढे हवेशीर डिस्क, म्हणजे कॅलिपरही एस१२डब्ल्यू. प्लायवूडचा साचा बसवून मागच्या डाव्या चाकाचा फोटो टाकतोय. जागा नीट मिळावी म्हणून कॅलिपर ॲक्सलच्या पुढे आणला आहे. हवा काढायची निपल खाली येतेय, ते चालेल ना?

नळीतज्ज्ञ
नाही चालणार. हवा वर जाते, निपल खाली असेल तर कितीही पंप मारा, वरचा बुडबुडा तिथेच. हा कॅलिपर ॲक्सलच्या मागे बसायचा आहे. पुढे आणायचा असेल तर डावा-उजवा अदलाबदल करा, निपल वर येईल.

लेथवरचा
पण अदलाबदल केली की हँडब्रेकच्या दांडीची ओढही उलट्या दिशेला जाते. केबल वळसा घालून आणावी लागेल, आणि वळशाची त्रिज्या लहान झाली तर ती अडकते. त्यापेक्षा ब्रॅकेट ॲक्सलच्या मागे घ्या. स्टील अजून कापलं नाहीये ना?

आडवी_पट्टी
नाही, फक्त प्लायवूड.